घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरची गुणगुण

दिवाळी सरून धानाची कापणी मार्गी लागली, की ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड या पट्ट्यात मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. शाळांची स्नेहसंमेलनेही त्याच सुमारास असतात. शाळेचा ॲम्प्लिफायर पुष्कळदा एखाद्या हौशी शिक्षकाने किंवा अकरावी-बारावीच्या मुलांनी सुटे भाग आणून जोडलेला असतो. गाणे चालू आहे तोवर सारे ठीक वाटते. पण नाटुकल्यातले पात्र क्षणभर गप्प झाले, की कर्ण्यातून ‘घूंऽऽ’ असा एकसुरी आवाज ऐकू येतो. कारागीर त्याला हमिंग म्हणतात.

त्यावर एक इलाज सर्रास केला जातो. तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची जाड पिन काढून टाकायची. हमिंग कधीकधी खरोखरच थांबते आणि म्हणूनच हा इलाज घातक आहे. पेटी लोखंडी, मंडपाचे खांब लोखंडी, दवाने जमीन ओली आणि माईक मुलाच्या हातात, अशा वेळी ट्रान्सफॉर्मरच्या आतील आवरण खराब होऊन पेटीत २३० व्होल्ट उतरले, तर त्यांना जमिनीकडे जायला त्या मुलाच्या अंगातूनच वाट मिळेल. पिनला हात न लावता हमिंग घालवता येते. त्यासाठी ते कोठून येते एवढे मात्र ओळखावे लागते.

आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ट्रान्सफॉर्मर हा दाब १२ किंवा १५ व्होल्टपर्यंत उतरवतो, पण आवर्तने तितकीच राहतात. नंतर डायोड लाटेचा उलटा अर्धा भाग सुलटा करतात. त्यामुळे एका सेकंदात ५० ऐवजी १०० उंचवटे मिळतात. दोन उंचवट्यांमधील खळगा भरण्याचे काम फिल्टर कंडेन्सरचे. उंचवट्याच्या वेळी तो भरून घेतो आणि खळग्याच्या वेळी स्वतःजवळचा भार ॲम्प्लिफायरला देतो. देता देता त्याचा दाब थोडा उतरतोच. हा चढउतार म्हणजे रिपल.

बारावीच्या विद्यार्थ्यांना रिपलचा हिशेब सहज करता येईल. ॲम्प्लिफायर १ अँपिअर घेत असेल, तर १/१०० सेकंदात ०.०१ कूलोम भार जातो. भाराला धारितेने भागले की दाबातील घट मिळते. कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा असेल तर ही घट १० व्होल्ट, ४७०० चा असेल तर सुमारे २ व्होल्ट. प्रत्यक्षात ती काहीशी कमी भरते, कारण खळग्याचा सगळा वेळ कंडेन्सरला एकट्याने भार सोसावा लागत नाही. तरीही दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हणून दिलेला १००० चा कंडेन्सर का चालत नाही, हे यावरून कळते.

खळगा जितका अरुंद तितका तो भरणे सोपे. हेच तत्त्व आपल्याच जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर वापरलेले आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून आहे. तिच्या टोकांना एका आवर्तनात १२ उंचवटे देणारी जोडणी असते, म्हणजे सेकंदाला ६००. तिथेही उरलेला रिपल काढायला फिल्टर लागतातच.

आता आपल्या पेटीकडे वळू. पहिली कसोटी आवाजाच्या बटणाची. बटण पूर्ण खाली आणूनही हमिंग तसेच राहिले, तर दोष बटणाच्या पुढच्या भागात किंवा वीजपुरवठ्यात आहे. बटणाबरोबर ते कमी-जास्त होत असेल, तर ते माईक, वायर किंवा प्रीॲम्प्लिफायरमधून शिरते आहे. दुसरी कसोटी १२ व्होल्टवर चालणाऱ्या पेट्यांसाठी: ट्रान्सफॉर्मर सोडून पेटी गाडीच्या बॅटरीवर चालवावी. हमिंग थांबले तर पुरवठाच दोषी.

तिसरी कसोटी कानाची. ५० हर्ट्झचे हमिंग आणि १०० हर्ट्झचे हमिंग यांचा स्वर एकच असतो, फक्त सप्तक वेगळे. हार्मोनियमवर मधल्या पांढरी एकच्या खाली जी पांढरी पाच येते, तिची वारंवारता १९६ हर्ट्झ. १०० हर्ट्झचा सूर तिच्या एक सप्तक खाली, किंचित चढा लागतो. ५० चा आणखी एक सप्तक खाली. शाळेच्या संगीतशिक्षकांना सोबत घेतले तर हा प्रयोग रंगतो. ५० हर्ट्झचा नमुना ऐकायचा असेल, तर आवाज अगदी कमी ठेवून माईकच्या मोकळ्या वायरीच्या टोकाला बोट लावावे. येणारा ‘घूं’ आपल्या शरीराने आजूबाजूच्या वायरिंगमधून टिपलेला असतो.

१०० हर्ट्झ म्हणजे लाट डायोडमधून गेली आहे. पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या आत ओलसर द्रव्य असते आणि उष्णतेने ते सुकत जाते. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. ब्रह्मपुरीचा उन्हाळा देशातील अतिकडक उन्हाळ्यांत मोजला जातो, त्यामुळे येथील टिनाच्या छपराखाली दहा वर्षे काढलेल्या कंडेन्सरवर फार विसंबू नये. तपासण्यासाठी पेटी बंद करून, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा चांगला कंडेन्सर त्याला समांतर जोडावा. अधिक-उणे नीट पाहावे, उलटा जोडलेला कंडेन्सर फुटतो. हमिंग घटले तर जुना बदलावा. पेटी बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार उरतो, तो १०० ओहमच्या ५ वॅटच्या रोधातून उतरवूनच हात घालावा. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू विद्यार्थ्यांना उघडू देऊ नये.

हमिंग आधी नव्हते, अचानक आले, भरघोस आहे आणि स्वर ५० चा वाटतो, असे असेल तर एखादा डायोड तुटलेला असू शकतो. मग अर्धीच लाट वापरली जाते, खळगा दुप्पट रुंद होतो आणि रिपलही दुप्पट.

संध्याकाळीच येणारे हमिंग हा आपल्या भागातला खास प्रकार. पंप सुरू झाले की गावातील दाब उतरतो. प्रीॲम्प्लिफायरला १२ व्होल्ट देणाऱ्या ७८१२ या रेग्युलेटरला आत किमान साडेचौदा व्होल्ट लागतात. १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर २३० ला उंचवटा साडेवीस व्होल्टचा असतो. १८० ला तो सोळाच्या खाली येतो. त्यातून २ व्होल्टचा रिपल वजा केला की खळग्यात चौदाही उरत नाहीत. रेग्युलेटर सेकंदाला १०० वेळा हात टेकतो. येथे दुरुस्ती करणारे बिचाऱ्या आयसीच बदलत बसतात. लागतो १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा मोठा कंडेन्सर.

सगळे भाग नवे असूनही हमिंग असेल, तर शून्याची वायर पाहावी. घरगुती जोडणीत मला सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. डायोड कंडेन्सरला सतत भरत नाहीत, उंचवट्याच्या टोकाशी थोडा वेळ जोराने भरतात. सरासरी १ अँपिअर असला तरी झटका ५-६ अँपिअरचा असतो. २२ गेजच्या १० सेंटिमीटर वायरचा रोध ४ मिलिओहमच्या आसपास; ६ अँपिअरला तिच्यावर सुमारे २५ मिलिव्होल्ट पडतात. माईकची शून्य वायर याच तुकड्यावर जोडली असेल, तर हे २५ मिलिव्होल्ट आवाजात मिसळतात, आणि माईक स्वतः देतो जेमतेम दोन-चार. म्हणून ट्रान्सफॉर्मर आणि डायोडची शून्य वायर थेट कंडेन्सरच्या उण्या टोकाला न्यावी, आणि माईक, प्रीॲम्प्लिफायर व कर्ण्याच्या शून्य वायरी तिथूनच वेगवेगळ्या काढाव्यात. खर्च काहीच नाही, फक्त वायर पुन्हा ओढावी लागते.

आता अर्थिंगच्या पिनकडे येऊ. मिक्सर एका बोर्डावर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, दोघांनाही अर्थिंग, आणि दोघांमध्ये जाळीची वायर, अशी मांडणी झाली की अर्थिंगच्या दोन वायरी व जाळी मिळून एक कडे तयार होते. दोन अर्थिंगमधील थोड्याशा फरकामुळे त्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि जाळीवाटे आवाजात शिरतो. पिन काढली की कडे तुटते, हमिंग थांबते, पण संरक्षणही जाते. कडे तोडायचे ते आवाजाच्या बाजूने. आधी दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. नाहीतर मध्ये एकास एक वेढ्यांचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवावा, म्हणजे आवाज पलीकडे जातो आणि जाळी जोडावी लागत नाही. गाणे मोबाइलवरून लावले असेल, तर आधी त्याचा चार्जर काढून पाहावा.