सुडोकू अडलं? जोडी शोधा!
सुडोकू अडलं की बरेच जण अंदाजाने आकडा टाकतात. कृपया नका टाकू! नीट रचलेल्या कोड्याचं उत्तर एकच असतं आणि ते तर्काने सापडतं. रिकाम्या घरांत शक्य ते आकडे पेन्सिलीने बारीक लिहा. समजा, एका ओळीतल्या दोन घरांत फक्त ३ आणि ७ उरलेत. कुठे ३, कुठे ७ हे अजून ठरलेलं नाही, तरी त्या ओळीतल्या बाकी घरांतून ३ आणि ७ बिनधास्त खोडा. दोन्ही घरं एकाच ३ बाय ३ चौकटीत असतील तर तिथूनही. मला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते.

आणि हो, उत्तर एकच यायला किमान १७ आकडे दिलेले लागतात. २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने संगणकाच्या मदतीने हे दाखवून दिलं.