सालीतले तेल आणि घरातले किडे

संत्रे, मोसंबी, लिंबू यांची साल दोन थरांची असते. बाहेरचा नारिंगी किंवा पिवळा थर पातळ, खरखरीत आणि तेलकट. आतला पांढरा थर जाडसर, मऊ, कडवट. किडे मारण्याच्या दृष्टीने कामाचा आहे तो बाहेरचा. साल उजेडासमोर धरली तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. या तैलग्रंथी. साल दुमडली की त्या फुटतात आणि तेलाची बारीक चिळकांडी उडते. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने या चिळकांड्या टिपल्या, तेव्हा त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर भरला. साल मेणबत्तीजवळ पिळली की ठिणग्या उडतात, फुगवलेल्या फुग्यावर पिळली की फुगा फुटतो, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. ठिणग्या उडतात कारण तेल पेट घेते. फुगा फुटतो कारण ते रबर विरघळवते. किड्यांवर त्याचा जो परिणाम होतो, त्याचेही मूळ याच विरघळवण्याच्या गुणात आहे.

या तेलातला मुख्य घटक लिमोनीन. मोसंबीच्या जातीच्या गोड संत्र्यांच्या तेलात तो नव्वद टक्क्यांहून अधिक असतो, लिंबाच्या तेलात त्याहून बराच कमी. तिथे बाकीची जागा पायनीन, टर्पिनीन, सिट्राल अशा सुगंधी द्रव्यांनी भरलेली असते. लिंबाच्या बियांना कडू करणारे लिमोनिन हे नावाने जवळचे असले तरी वेगळे द्रव्य आहे. दोघांची गल्लत फार ठिकाणी झालेली दिसते.

झाडाने हे तेल सालीत साठवले ते स्वतःच्या बचावासाठी. फळमाशी सालीत अंडी घालते, तेव्हा अंडी घालण्याची नळी तैलग्रंथीत घुसली तर त्यातली बरीचशी अंडी-अळ्या तिथेच मरतात. तरीही हा बचाव अभेद्य नाही. विदर्भातल्या संत्राबागांत काळी माशी, सायला, फळमाशी आणि रात्री येऊन फळ टोचणारे पतंग दरवर्षी नुकसान करतात आणि बागाईतदाराला फवारणीचा पंप पाठीवर घ्यावाच लागतो. लिंबाच्या पानांतही हेच सुगंधी तेल असते आणि लिंबावरच्या फुलपाखराची अळी ती पाने मिटक्या मारीत खाते. ‘संत्र्याच्या सालीने सगळे किडे पळतात’ असे सांगणाऱ्याने एकदा काटोल-वरुडच्या बागेत जाऊन यावे.

लिमोनीन किड्याला मारते ते स्पर्शाने. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे शरीरातले पाणी टिकून राहते. लिमोनीन त्या मेणात शिरते, आत उतरते आणि मज्जातंतूंना डिवचते. किडा आधी सैरावैरा होतो, मग थरथरतो, उलटा पडतो आणि लुळा होतो. द्रव अंगाच्या कडेला असलेल्या श्वासरंध्रांत गेला तर गुदमरणे वेगळेच. मात्र ही क्रिया ओलावा असेपर्यंतच चालते. तेल काही तासांत उडून जाते आणि फवारलेल्या जागेवरून नंतर चालत गेलेल्या झुरळाला काहीही होत नाही. बाजारातल्या रासायनिक फवाऱ्याचा अंश भिंतीवर आठवडेच्या आठवडे राहतो, याचा नाही. हा गुण मानायचा की दोष, हे घरात रांगते मूल आहे की झुरळांची फौज आहे, यावर ठरेल.

कीटकनाशक म्हणून लिमोनीनची अमेरिकेत पहिली नोंदणी १९५८ सालची. पुढे ते कुत्र्यांच्या पिसवांवरच्या औषधांत आणि लाकडातल्या वाळवीवर आले. कारखान्यांना ते मिळते रसाच्या धंद्यातून. ब्राझील आणि फ्लोरिडात रस काढतानाच सालीतले तेल वेगळे केले जाते आणि उरलेला चोथा पिळून निघालेले पाणी आटवताना वाफेबरोबर येणारे लिमोनीन गोळा होते. मोसंबीचा रस काढला की जवळजवळ अर्धे फळ चोथा-साल म्हणून मागे उरते, तेव्हा या उपउत्पादनाला कच्चा माल कधी कमी पडत नाही.

महाराष्ट्रातही तो कमी नाही. नागपूर-अमरावतीचे संत्रे आंबिया बहारात दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहारात फेब्रुवारीनंतर बाजारात येते. जालना, छत्रपती संभाजीनगरची मोसंबी राज्यभर जाते. घरातल्या कचऱ्यात साली पडतात त्या मूठभर, पण ज्यूसच्या गाडीवर त्यांचा ढीग असतो. तिथली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाडीवाला मोसंबी यंत्रात घालण्याआधी सुरीने वरवर सोलतो. पिवळी साल लांब पट्ट्यांनी निघते आणि पांढरा थर फळावरच राहतो. कीटकनाशकाला नेमका हाच भाग हवा. बादलीत साचलेल्या त्या पट्ट्या मागितल्या तर बहुधा फुकट मिळतात, फक्त सकाळच्या ताज्या घ्याव्यात. संध्याकाळपर्यंत त्यांवर चिलटे घोंगावू लागलेली असतात, आणि या तेलाबद्दल अवास्तव कल्पना असतील तर त्या दूर करायला तेवढे दृश्य पुरेसे आहे.

आता कृतीकडे. घरोघर सांगितली जाणारी रीत अशी : साली पाण्यात उकळा, रात्रभर ठेवा, गाळा, फवारा. ती सोपी आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. एक लिटर पाण्यात लिमोनीन विरघळते जेमतेम १४ मिलिग्रॅम. हवाईमध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुंडीतल्या झाडांवरचे पिठ्या ढेकूण आणि खवले कीड आटोक्यात आली ती एक टक्का लिमोनीनने, म्हणजे लिटरला १० ग्रॅमने. शिवाय त्यात द्रव एकजीव करणारी साबणासारखी द्रव्येही होती. सालीच्या गाळलेल्या पाण्यात त्याच्या सातशेव्या भागाइतके लिमोनीन असेल तर किड्याला काय वाटणार? उकळताना स्वयंपाकघरभर जो छान वास दरवळतो, ते वाफेवर उडून चाललेले तेलच असते. व्हिनेगरमध्ये साली मुरवण्याचीही तीच गत. त्या द्रवाने ओटा उत्तम पुसला जातो, पण तो व्हिनेगरचा प्रताप.

तेव्हा तेलाला पाण्यात धरून ठेवणारे काहीतरी हवे आणि ते प्रत्येक घरात आहे : साबण. ताज्या सालींचा फक्त रंगीत भाग किसणीने किंवा सुरीने काढावा. त्याआधी फळे धुऊन घ्यावीत, कारण बागेत मारलेल्या औषधांचा अंश सालीवरच अधिक राहतो. आयात संत्र्यांवर तर मेण आणि बुरशीनाशक असते. ती साल शक्यतो घेऊच नये. साधारण २०० ग्रॅम किस, अर्धा लिटर थंड पाणी आणि अर्धा चमचा पातळ साबण एवढे मिक्सरमध्ये फिरवावे. साबण शेवटी घालून दोनच फेरे द्यावेत, नाहीतर फेस झाकणाबाहेर येतो. साबणाऐवजी रात्रभर भिजवलेल्या रिठ्यांचे पाणीही चालते. मिश्रण तासभर झाकून ठेवावे आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळून चोथा घट्ट पिळावा. निघालेला द्रव पांढुरका, गढूळ दिसला तर काम साधले असे समजावे. तो गढूळपणा तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा असतो. चोथ्याचा कण राहिला की फवाऱ्याचे तोंड हमखास तुंबते, म्हणून गाळण्यात घाई नको. द्रव त्याच दिवशी वापरावा. फ्रिजमध्ये तो दोन-तीन दिवस राहील, पुढे आंबतो. बाटलीवर नाव लिहायला विसरू नये. सरबतासारखा दिसणारा आणि तसाच वास येणारा द्रव फ्रिजमध्ये बिननावाने ठेवणे घातक आहे.

यात साबणाचा वाटा मोठा आहे हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मऊ अंगाचे किडे नुसत्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. साल आणि साबण एकत्र आले की परिणाम वाढतो, पण सगळे श्रेय सालीला देता येत नाही.

शुद्ध तेल काढायचे तर वाफेने ऊर्ध्वपातन करावे लागते. कुकरच्या शिटीला नळी जोडून ते करण्याचे प्रयोग लोक करतात. ते न केलेले बरे. नळी तुंबली तर कुकर फुटू शकतो, आणि लिमोनीनची वाफ ५० अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. शेजारी गॅस चालू असतो. एवढे करून किलोभर सालींतून हाती येते ते चहाचा एखाद-दुसरा चमचा. तेल विकत आणले असेल तर त्याची एक सोपी परीक्षा आहे : थेंबभर तेल थर्माकोलच्या तुकड्यावर टाकावे. खरे असेल तर तिथे खड्डा पडतो, नुसता सुगंध घातलेले असेल तर बहुधा काहीच होत नाही.

गेल्या काही वर्षांत बायोएन्झाइमचा बोलबाला आहे. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने बंद बाटलीत आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, ही त्याची रीत. तयार होते ते मुख्यतः सौम्य आंबट, व्हिनेगरच्या जातीचे पाणी. फरशी, मोरी, शौचालय पुसायला ते चांगले. त्याला कीटकनाशक म्हणणे ही भक्तांची अतिशयोक्ती आहे.

ताज्या फवाऱ्याचा उत्तम उपयोग कुंड्यांतल्या झाडांवर होतो. जास्वंदीच्या शेंड्यावरचा मावा, पेरूवरचा किंवा क्रोटनच्या काखेतला पिठ्या ढेकूण, पानांखालची पांढरी माशी यांच्यावर थेट आणि भरपूर फवारावे; किडा भिजला नाही तर मरत नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावरचा कापूस जुन्या ब्रशने आधी विस्कटला तर द्रव आत पोचतो. अंडी बहुधा वाचतात, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा फवारणी लागते. उन्हात फवारले तर पाने करपतात, तेव्हा वेळ संध्याकाळची. आधी एकाच पानावर मारून दिवसभर पाहावे. फर्न, आल्याच्या कुळातली झाडे आणि नाजूक फुले लिमोनीनने खराब होतात, असे हवाईच्या त्याच प्रयोगांत दिसले होते. फुलांवर मधमाश्या असतील तर हात आवरावा. हा द्रव नैसर्गिक असला तरी मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद तो करत नाही.

मुंग्यांच्या रांगेवर तो चांगला चालतो. मुंग्या मारल्या जातात हा भाग लहान. रांग ज्या गंधाच्या वाटेवर चालते ती वाटच पुसली जाते. वारूळ शाबूत असते, म्हणून दुसरी वाट निघतेच. फट बुजवणे हाच खरा उपाय. झुरळाच्या पिल्लांवर फवारा बसला तर ती उलटी पडतात, मोठे झुरळ अनेकदा सावरून पळते, आणि फटीत दडलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. ढेकणांचे तेच. वाळवीबाबत तर भ्रमात राहू नये. कॅलिफोर्नियात संत्र्याचे तेल वापरतात ते कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीवर, लाकडाला भोके पाडून आत सोडून. आपल्याकडे घराला लागणारी वाळवी बहुधा जमिनीतून येते. भिंतीवरची तिची माती पुसून फवारा मारल्याने वारुळाला धक्का लागत नाही.

डास हा वेगळा विषय. लिंबूवर्गीय तेले डासांच्या अळ्या मारतात हे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे, पण घरच्या पिंपात साली टाकल्याने ते साधत नाही. उलट पाणी कुजते. वाळलेल्या साली निखाऱ्यावर टाकून धूर करण्याची जुनी रीत आहे. धुराने डास काही वेळ दूर राहतात, पण बंद खोलीतला धूर फुप्फुसांना सारखाच, मग तो कॉइलचा असो की संत्र्याचा. लिंबाची साल अंगावर चोळणे तर टाळावेच. लिंबाच्या सालीत उन्हाशी अभिक्रिया करणारी द्रव्ये असतात; ती लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात.

धान्याच्या डब्यात साल ठेवायची असेल तर ती कडकडीत वाळलेली हवी, अन्यथा बुरशी धरते. उन्हात वाळवली तर तेल उडते. सावलीत वाळवली तर थोडे टिकते. त्या थोड्याशा तेलाने सोंडकिडे मरतील ही अपेक्षा मात्र फार झाली. धान्य स्वच्छ वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरणे अधिक भरवशाचे.

सावधगिरीच्या गोष्टी थोड्याच, पण महत्त्वाच्या. मांजरांच्या शरीराला ही तेले नीट निचरून टाकता येत नाहीत. लाळ गळणे, थरथर, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे त्यांच्यात दिसलेली आहेत. मांजर असलेल्या घरात तिच्या अंगावर किंवा अंथरुणावर फवारू नये. तेल हवेत उघडे राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि अशा जुन्या तेलाने त्वचेला ॲलर्जी होते. म्हणून ते गडद काचेच्या, गच्च भरलेल्या लहान बाटलीत ठेवावे. पेटत्या शेगडीजवळ फवारू नये. पॉलिश केलेल्या लाकडावर डाग पडू शकतो.

घरापुरते बनवायला कोणाची आडकाठी नाही. बचत गटाने ते बाटलीत भरून ‘कीटकनाशक’ म्हणून विकायचे ठरवले, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. त्यामुळे असे बरेच द्रव ‘क्लीनर’ या नावाने विकले जातात आणि खरे पाहता त्यांचे कामही तेच असते. पिळून उरलेला चोथा ओल्या कचऱ्याच्या खतात घालता येतो. तेल निघून गेल्याने तो अख्ख्या सालीपेक्षा लवकर कुजतो. गांडुळांच्या डब्यात मात्र तो मूठ-मूठच घालावा, कारण उरलेले तेल आणि आंबटपणा गांडुळांना मानवत नाही.