टोपीचं अर्थशास्त्र

मुंबईच्या डबेवाल्याच्या डोक्यावर पांढरी टोपी नसेल, तर त्याला दंड होतो. आता डबा पोचवायला टोपी कशाला? लागते ती सायकल, लोकल आणि दणकट खांदा. पण 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या धंद्यातली बहुतेक मंडळी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची. नात्यागोत्यातली, बरीचशी वारकरी, जत्रेला सुट्टी घेऊन एकदमच गावी जाणारी. पंचवीसेक जणांची टोळी, कमाईत सारखा वाटा, म्हणजे जो तो मालकच. टोपी ही त्याची खूण. खरी गंमत मात्र टोपीच्या खाली आहे. डब्याच्या झाकणावर उतरायच्या स्टेशनचा आकडा, इमारतीची खूण, मजला आणि निघाल्या स्टेशनचा रंग, एवढंच असतं. डबा कुठल्या घरून उचलायचा, ते डबेवाल्याच्या डोक्यात. उद्या एखाद्या शेठनं सगळ्या सायकली विकत घेतल्या, तरी धंदा काही त्याच्या हाती लागायचा नाही.

माणूस स्वतःला कोण समजतो यावर त्याचं काम ठरतं, हे अर्थशास्त्राला सुचायला बराच उशीर झाला. 1995 साली रेचल क्रॅन्टन या तरुण अर्थतज्ज्ञ बाईंनी जॉर्ज अकरलॉफ यांना पत्र धाडलं: तुमचा ताजा निबंध चुकलाय, ‘मी कोण’ हा प्रश्नच त्यात नाही. आपल्याकडे ज्येष्ठांना असं लिहिलं, तर पुढची चार चर्चासत्रं हुकली म्हणून समजा. अकरलॉफनी बाईंबरोबरच काम सुरू केलं. दोघांचा निबंध 2000 साली आला. पुढच्या वर्षी अकरलॉफना नोबेल मिळालं, ते मात्र जुन्या मोटारींच्या बाजारावरच्या कामासाठी. मोटारींवरचा तो निबंध आधी तीन नियतकालिकांकडून साभार परत आला होता!

या जोडीचं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचं. पहिल्याच दिवशी पोरांचे कपडे उतरवतात, डोकी भादरतात, गणवेश चढवतात आणि सलाम ठोकायला लावतात. हिशेब रोकडा आहे: संस्था ज्याला आपली वाटते, त्याच्यापुढे बोनसचं गाजर छोटं असलं तरी भागतं.

‘आपला’ व्हायला लागतं तरी किती? जवळजवळ काहीच नाही. हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलच्या 14-15 वर्षांच्या पोरांना सांगितलं, तुम्ही क्ले या चित्रकाराचे चाहते, तुम्ही कँडिन्स्कीचे. वाटणी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी. मग पैसे वाटायला दिले, स्वतःला मात्र घ्यायचे नाहीत. पोरांनी आपल्या गटाचं थोडं नुकसान सोसलं, पण समोरच्या गटाला त्याहून कमी मिळेल याची सोय केली. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आपलेपणाच्या जागी पैसा आला की काय होतं, त्याची इस्रायलमधल्या हैफाची गोष्ट तर छोटीशीच. पाळणाघरांनी मूल न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना 10 शेकेल दंड लावला. उशीर जवळपास दुप्पट झाला! आधी शरम वाटायची, आता बिल भरायचं.

ओळख नुसती उच्चारली तरी पुरते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात कुणी उच्चारली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीत. नावाबरोबर जात सर्वांसमोर वाचली, तेव्हा दलित मुलं मागे पडली. भुलभुलैये तसलेच आणि हुशारीही तेवढीच. हा प्रयोग वाचताना चटपटीत लिहायची हौस जरा ओसरते.

पण ‘मी कोण’ याचं उत्तर बदलताही येतं. आता कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट पाहा. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना दारू, दांड्या आणि भांडणांसाठी बदनाम होता. 1982 साली त्याला टाळं लागलं. 1984 साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला. बहुतेक कामगार जुनेच, युनियनही तीच. काहींना जपानला नेऊन काम दाखवलं आणि परतल्यावर प्रत्येकाच्या हाताशी एक दोरी दिली: चूक दिसली की ओढा, लाइन थांबवा. पूर्वी लाइन थांबवणं म्हणजे पाप होतं. थोड्याच काळात दांड्या 20 टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आल्या. मग जनरल मोटर्सनं हाच कित्ता आपल्या व्हॅन नाइजच्या कारखान्यात गिरवायचं ठरवलं. तिथल्या कामगारांना त्यात युनियन फोडायचा डाव दिसला. 1992 साली तो कारखाना बंद पडला.