रेशमी कोंबडी : हौस आणि जबाबदारी



हल्ली पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत एक वेगळीच कोंबडी पाहायला मिळते. अंगावर पिसे नव्हे, जणू सशाचे मऊ केस. डोक्यावर कापसासारखा झुबका. कातडी मात्र काळी-निळी. तिला इंग्रजीत 'सिल्की' म्हणतात. आपण तिला रेशमी कोंबडी म्हणू. काही पालक मुलांच्या वाढदिवसाला तिची पिल्ले घेऊन देतात. मुले आनंदून जातात, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर त्यांतील एखादे पिल्लू राहत नाही. मग मूल विचारते, "आम्ही तर रोज दाणे घालत होतो, मग ते का मेले?" या प्रश्नाचे नीट उत्तर मुलांना मिळावे, म्हणून हा लेख.

आपल्यापैकी अनेक घरांत अंडेसुद्धा वर्ज्य आहे. त्यांनीही लेख वाचण्यास हरकत नाही, कारण येथे विषय ताटाचा नसून पालनाचा आहे.

मूळ आणि इतिहास

ही जात चीनमधील. तेथील जियांगशी प्रांतातील ताइहे हा भाग या कोंबड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि चिनी वैद्यकात काळ्या हाडांच्या कोंबडीचा उपयोग शतकानुशतके होत आला आहे. तेराव्या शतकात चीनमध्ये राहिलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख केला आहे. युरोपातील वाचकांना ती थाप वाटली असेल तर नवल नाही. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील निसर्ग-अभ्यासक उलिसे अल्ड्रोव्हांदी यांनीही लोकरीसारखी पिसे असलेल्या कोंबडीचे वर्णन केले. १८७४ साली अमेरिकेतील कुक्कुटपालकांच्या संघटनेने आपल्या मान्य जातींच्या पहिल्या यादीत तिचा समावेश केला.

तिची पिसे अशी का?

वर्गात एखादे कबुतराचे पीस आणून भिंगाखाली पाहा. मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंना अतिसूक्ष्म आकडे असतात. हे आकडे एकमेकांत अडकतात आणि पिसाचे सपाट, घट्ट पान तयार होते. हेच पान हवा कापते आणि पावसाचे पाणी बाहेरच निथळून टाकते.

रेशमी कोंबडीच्या पिसांत हे आकडे नसतात. त्यामुळे तंतू सुटे राहतात आणि ती केसाळ दिसते. आपल्याला जे सौंदर्य वाटते ती तिच्यासाठी उणीव आहे. ती उडू शकत नाही. पावसात ती टॉवेलसारखी भिजते, लवकर वाळत नाही आणि गारठते. दाणे मुबलक घालूनही पिल्लू का गेले, याचे उत्तर बहुधा येथेच असते.

आणखी काही वैशिष्ट्ये सांगण्यासारखी आहेत. साधारण कोंबडीच्या पायाला चार बोटे असतात, हिला पाच असतात. पायांवरही पिसे असतात. कानपाळी निळसर-हिरवट असते. कातडी, मांस आणि हाडेही काळपट असतात. मात्र अंडे काळे नसते, ते फिकट मलईच्या रंगाचे आणि आकाराने लहान असते. वर्षाला साधारण १०० ते १२० अंडी मिळतात. अंड्यांच्या व्यापारासाठी ही जात नव्हे.

झाबुआचा सगासोयरा

काळी कातडी म्हटल्यावर मालव्यातील माणसाला कडकनाथ आठवणारच. झाबुआ, अलीराजपूर आणि धार या भागांत भिल्ल, भिलाला बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही जात. स्थानिक बोलीत तिला 'कालीमासी' म्हणतात. जुलै २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले.

रेशमी कोंबडी आणि कडकनाथ दिसायला वेगळे असले तरी त्यांचा काळेपणा एकाच मुळाचा आहे. आनुवंशिकतेच्या अभ्यासातून असे दिसून आले आहे की कोंबडीच्या एका विशिष्ट गुणसूत्रावरील तुकड्याची दुबार नक्कल झाल्यामुळे काळ्या रंगद्रव्याच्या पेशी शरीरभर पसरतात. हाच बदल रेशमी कोंबडीत, जावा बेटावरच्या 'आयाम चेमानी' जातीत आणि आपल्या कडकनाथमध्येही आढळतो. रक्त मात्र सर्वांचे लालच असते; 'काळे रक्त' ही केवळ ऐकीव गोष्ट आहे.

एक फरक गमतीचा आहे. कडकनाथ मादी अंड्यांवर बसण्यात उदासीन असते. तिची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवून उबवण्याची पद्धत जुनी आहे. रेशमी कोंबडी याच्या अगदी उलट. तिच्याइतकी हौशी आई कोंबड्यांच्या जातींत क्वचितच सापडेल.

खुडूक कोंबडी आणि २१ दिवस

थोडी अंडी घालून झाली की रेशमी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या जागेवर बसून राहते. ती दुसऱ्या कोंबडीची, बदकाची, तितराची अंडीसुद्धा आपलीच समजून उबवते. युरोपात फेझंट पक्ष्यांची पिल्ले काढण्यासाठी तिचा आणि तिच्या संकरांचा उपयोग याच कारणाने होत आला आहे.

उबवणीला अंडी ठेवताना ती सात दिवसांपेक्षा फार जुनी नसावीत, स्वच्छ आणि न तडकलेली असावीत. तिची स्वतःची लहान अंडी आठ-दहा, मोठ्या जातीची पाच-सहा पुरेत. सातव्या-आठव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर जीव आहे. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर ते वांझ आहे, काढून टाकावे. कोंबडीचे पिल्लू २१ व्या दिवशी बाहेर येते, बदकाला २८ दिवस लागतात.

या काळात आईकडे लक्ष द्यावे लागते. ती दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते. काही कोंबड्या तेवढेही उठत नाहीत आणि रोडावतात. दाणा-पाणी जवळच ठेवावे. गरज पडल्यास तिला हळूच उचलून बाहेर आणावे. पिसांत उवा, गोचिडी झाल्या आहेत का हे तपासावे. जर अंडी फलित नसतील आणि पिल्ले नकोच असतील, तर तिला तसेच बसू देणे हा तिच्यावर अन्याय आहे. काही दिवस तिला हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवले की खुडूकपणा उतरतो.

खुराडे कसे असावे?

पाच-सहा पक्ष्यांसाठी प्रत्येकी किमान चार चौरस फूट बंदिस्त जागा आणि फिरायला वेगळे अंगण हवे. छत पक्के, जमीन आजूबाजूपेक्षा उंच. मालव्यातील पावसाळ्यात ओलावा हा या पक्ष्याचा पहिला शत्रू. खाली लाकडाचा भुसा किंवा धानाचे तूस अंथरावे आणि ओले झालेले ताबडतोब बदलावे. ओल्या गादीत रक्ती हगवण पसरते आणि लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात.

पक्षी उडत नाही, म्हणून बसण्याची काठी जमिनीपासून फूटभरच उंच ठेवावी. तो पळूही फारसा शकत नाही, आणि डोळ्यांवर आलेल्या झुबक्यामुळे त्याला वरून येणारी घार किंवा बाजूने येणारे मांजर दिसत नाही. डोळ्यांपुढची पिसे कात्रीने थोडी छाटावीत. रात्री खुराडे बंद असावे. मुंगसाला लहानशी फट पुरते. मे महिन्यात सावली आणि दिवसातून दोन-तीनदा थंड पाणी आवश्यक आहे.

मोठ्या, आक्रमक जातींबरोबर तिला ठेवू नये. काही रेशमी पिल्लांच्या कवटीला झुबक्याखाली उंचवटा असतो आणि तेथील हाड पूर्ण जुळलेले नसते. अशा डोक्यावर बसलेली एक चोचही जीवघेणी ठरू शकते.

आई नसलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच पाहावे. दिव्याखाली दाटी केली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उकडते आहे, सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर सर्व ठीक आहे.

पैदास : जे दिसते तेवढेच नसते

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी. रेशमी पिसांचा गुण अप्रभावी आहे. शुद्ध रेशमी कोंबडी आणि साध्या पिसांचा गावठी कोंबडा यांची सर्व पिल्ले साध्या पिसांची होतात. रेशमी गुण नाहीसा झाला असे वाटते, पण तो लपलेला असतो. या पिल्लांची आपसात पैदास केली तर सरासरी चारांतून एक पिल्लू पुन्हा रेशमी निघते. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेले ३:१ हे प्रमाण अंगणातही दिसते.

काळ्या कातडीचा गुण याउलट प्रभावी आहे, पण त्यात एक मेख आहे. विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट (ज्यांच्या नावाची चौकट आपण बारावीत काढतो तेच) यांनी १९११ मध्ये रेशमी कोंबड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. रेशमी कोंबडा आणि ब्राऊन लेगहॉर्न कोंबडी यांच्या मुली काळ्या झाल्या, मुलगे मात्र झाले नाहीत. कारण लेगहॉर्नमध्ये काळेपणा दाबणारा एक गुण लिंग-गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांमध्ये मुलीला ते गुणसूत्र फक्त बापाकडून मिळते, मुलाला आई-बाप दोघांकडून. म्हणून आईचा दाबणारा गुण मुलग्यांतच उतरला.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. काळेपणा पहिल्याच पिढीत बराचसा दिसू शकतो, म्हणून संकरित काळे पिल्लू 'अस्सल कडकनाथ' म्हणून सहज खपते. असे पक्षी गावोगाव मिसळत गेले तर झाबुआच्या कुटुंबांनी जपलेली जात नावापुरती उरेल. २०१९ मध्ये महाराष्ट्रात, विशेषतः सांगली-कोल्हापूर भागात, कडकनाथ पालनात भरघोस नफ्याचे आमिष दाखवून हजारो शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे उघडकीस आले. रंग पाहून आणि जाहिरात वाचून पक्षी विकत घेऊ नये, हा त्यातील धडा.

म्हणून घरच्या लहान कळपातही वही ठेवावी. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे, आई-बाप कोण, जन्म कधी, रोग कोणता झाला हे लिहावे. सहा-सात माद्यांना एक नर पुरे. भावंडांची पैदास करत राहू नये. दोन-तीन वर्षांनी दुसरीकडचा निरोगी नर आणावा. चार बोटांचा, कमजोर किंवा डोक्याचे हाड न जुळलेला पक्षी पैदाशीसाठी वापरू नये. त्याला मायेने पाळावे. नर-मादी ओळखायला चार-सहा महिने लागतात, तोवर धीर धरावा. आणि नर निघाला तर तो पहाटे आरवणार हे शेजाऱ्यांना आधी सांगावे! शहरातील नियमही विचारून घ्यावेत.

रोग आणि स्वच्छता

रेशमी कोंबडी मॅरेक्स या रोगाला लवकर बळी पडते. पायांना लकवा होतो आणि त्यावर औषध नाही. पहिल्या दिवशीची लस हाच उपाय. पिल्ले घेताना ही लस दिली आहे का, हे विचारावे. पहिल्या आठवड्यात राणीखेतची आणि पुढे गंबोरो, देवी यांच्या लसी पशुवैद्याच्या सल्ल्याने द्याव्यात. आपल्या शेजारी महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. असा शेजार फार थोड्या शहरांना लाभतो.

डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये इंदूरमध्ये मेलेले कावळे सापडले आणि त्यांत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. त्याच महिन्यात झाबुआत कडकनाथच्या एका फार्मवरही तो पोहोचला आणि पक्षी नष्ट करावे लागले. म्हणून रानपाखरे आपल्या पक्ष्यांच्या दाण्या-पाण्यात येणार नाहीत असे पाहावे. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुणे हा तर रोजचाच नियम आहे.

शेवटी दोन शब्द

रेशमी कोंबडी निसर्गात एकटी जगू शकणार नाही. तिचे उडणे, तिची पावसाची छत्री, तिची दूरदृष्टी माणसाच्या आवडीपायी गेली. म्हणून ती उणीव भरून काढणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. पालकांनी पिल्लू आणण्यापूर्वी मुलाला तीन प्रश्न विचारावेत : पावसात खुराडे कोण पाहील? सुटीत गावाला गेलो तर दाणा-पाणी कोण करील? ती म्हातारी झाली, अंडी देईनाशी झाली, तरी ती घरात राहील ना? तिन्हींची उत्तरे मिळाली तरच पिल्लू आणावे.

आणि विश्वस्त मंडळास एक विनंती. झाबुआ येथून केवळ १५० किलोमीटरच्या आसपास आहे. तेथील कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथच्या संवर्धनाचे काम चालते. आपल्या विज्ञान मंडळाची एक सहल तेथे जावी. ज्यांनी शाळेत न शिकताही एक जात शतकानुशतके शुद्ध राखली, त्यांच्याकडून आपल्या मुलांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

— प्राचार्य