वाळवंटातलं घर धूळ आणि पावसापासून कसं वाचवतात?

सप्टेंबर 2023. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात 'बर्निंग मॅन' महोत्सवात पाऊस पडला आणि हजारो लोक चिखलात अडकले. हा महोत्सव भरतो ब्लॅक रॉक वाळवंटात, आटलेल्या तळ्याच्या तळावर. इथली क्षारयुक्त माती कोरडी असताना पिठासारखी उडते, भिजली की चाकांना चिकटते.

इथे अनेकजण 'हेक्सायर्ट' नावाचं घर उभारतात. विनय गुप्ता यांच्या या रचनेत 8 बाय 4 फुटांचे 12 हलके इन्सुलेशन बोर्ड लागतात. सहांच्या भिंती, उरलेले सहा कापून छप्पर. सांधे जोडायला रुंद चिकटपट्टी.

खरी मेख इथेच आहे. धुळीवर पट्टी टिकत नाही. म्हणून शक्य तितके सांधे घरीच, स्वच्छ बोर्डांवर जोडून नेतात. बाकीचे तिथे पुसून, कोरडे करून मगच चिकटवतात.

क्रम कौलांसारखा: आधी खालची पट्टी, तिच्यावर वरची. म्हणजे पाणी ओघळून जातं. जमिनीवरच्या ताडपत्रीची कड आत दुमडतात. बाहेर राहिली तर तिच्यावर साचलेलं पाणी घरात येतं.

पण सगळंच बंद करायचं नाही. हवेसाठी फिल्टर लावलेली खिडकी हवीच. आत स्टोव्ह तर अजिबात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.