उचलत्या टपाचा हिशेब

ब्रिटनमध्ये हौसेने कॅम्परव्हॅन करायला घेतलेल्या गाड्यांत फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टरचा वाटा मोठा आहे. टी५ आणि टी६ या पिढ्यांची साधी, बुटक्या टपाची व्हॅन जमिनीपासून जेमतेम दोन मीटर उंच भरते. आत, मागच्या माल ठेवायच्या भागात, उंची मिळते सुमारे १.४ मीटर. खाली प्लायवूड, वर थंडी अडवणारा थर आणि त्यावर अस्तर चढलं की त्यातलेही काही सेंटिमीटर जातात. मोठ्या माणसाला अशा गाडीत उभं राहता येत नाही. पँट चढवायची तर पाठीवर आडवं होऊन, अंडी तळायची तर बसून किंवा कमरेत वाकून. पाऊस लागला की चार माणसांना संध्याकाळभर एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसावं लागतं. त्यामुळे अशा गाडीच्या मालकापुढे कधी ना कधी प्रश्न उभा राहतोच: टप कापून तिथे उचलता टप बसवावा का? खर्च काही हजार पौंडांचा, आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. या प्रश्नावरची बहुतेक चर्चा सुट्टीच्या दिवसांभोवती फिरते. तळावर गाडी लावली, टप वर केला, किती मोकळं वाटलं, वरून समुद्र कसा दिसला. मला वाटतं, निर्णय या चित्राकडे बघून घेऊ नये. उचलत्या टपाचे पैसे वसूल होतात ते तो मिटलेला असताना, वर्षातल्या उरलेल्या कामाच्या दिवसांत. ज्याच्या गाडीला असे दिवसच नाहीत, त्याला उभं राहायची जागा याहून स्वस्तात आणि याहून चांगली मिळू शकते.

हे पटण्यासाठी आधी कामाचं स्वरूप नीट बघायला हवं. आतलं अस्तर उतरवतात, टपाजवळून गेलेल्या वायरी बाजूला घेतात. खिडक्यांच्या वरच्या कडेला एअरबॅग असतील तर हे काम फार जपून करावं लागतं. मग टपाचा मधला पत्रा कापून काढतात. त्या पत्र्याखाली आडव्या पट्ट्या असतात. गाडीची डावी आणि उजवी बाजू त्यांनी एकमेकींना बांधलेली असते, आणि कापताना त्यांतल्या काही जातात. गाडी वळणावर पिळवटू नये, उलटलीच तर आतल्या माणसांवर चेपू नये, यासाठी गेलेली ताकद परत आणणं हाच या सगळ्या उद्योगाचा गाभा आहे. कापलेल्या कडेवर गंजरोधक प्राइमर आणि रंग देतात, मग आतून पोलादी चौकट पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने पक्की करतात, आणि त्यानंतरच वर फायबरग्लासचं कवच, दोन बाजूंच्या दुमडत्या दांड्या, उचलायला मदत करणारे गॅस स्ट्रट आणि भोवतीचं कापड चढतं. गिऱ्हाईक कापडाचा रंग आणि खिडक्यांची संख्या बघत बसतं. बघायची असते ती चौकट. ती किती जाड आहे, गाडीच्या मूळ सांगाड्याला कुठे जोडली आहे, तिची ताकद कुणी तपासली आहे, हे प्रश्न आधी विचारावेत. जर्मन बनावटीच्या अनेक टपांना तिथल्या ट्यूव्ह या तपासणी संस्थेची मान्यता असते. बसवणारा चौकटीबद्दल मोघम बोलू लागला तर दर कितीही कमी असो, तिथून निघावं.

आता इतिहासाकडे वळलं तर ही युक्ती कुणासाठी निघाली ते दिसतं. फोक्सवॅगनची टाइप २ ही व्हॅन १९५० साली बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वीडेनब्रूकच्या वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी काढता-घालता येणारी कॅम्पिंगची पेटी केली. आठवडाभर गाडीने धंद्याचा माल वाहायचा आणि शनिवारी पेटी आत चढवून बाहेर पडायचं, असा तो विचार होता. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने पन्नासच्या दशकात बेडफर्ड सीए व्हॅनवर डॉर्मोबील बांधली. तिचा टप एका कुशीवरच्या बिजागऱ्यांवर तिरका उचलला जाई, मोकळ्या झालेल्या बाजूंना पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलं जाई आणि टपाखाली कॅनव्हासच्या अरुंद खाटा निघत. घरात एकच गाडी परवडणाऱ्या कुटुंबांचा तो काळ होता, आणि त्या एका गाडीला सगळंच करावं लागे. चाळीसेक वर्षांनी, १९९५ साली, जपानच्या माझ्दाने बोंगो फ्रेंडी आणली. आठ माणसं बसवणारी ही घरगुती गाडी, आणि तिच्या काही नमुन्यांना बटण दाबताच वर जाणारा टप होता. वापरलेल्या बोंगो पुढे जपानमधून ब्रिटनमध्ये भरपूर आल्या आणि तिथल्या कुटुंबांनी त्या शाळेच्या फेऱ्यांना आणि सहलींना सारख्याच वापरल्या. फोक्सवॅगनने टी५ पिढीपासून कॅलिफोर्निया ही कॅम्पर हॅनोव्हरमध्ये स्वतःच बांधायला घेतली. पुढच्या टी६ कॅलिफोर्नियाची टप मिटलेल्या अवस्थेतली उंची १.९९ मीटर आहे, म्हणजे दोन मीटरच्या आत.

दोन मीटरच्या या रेषेवर निर्णयाचा बराचसा भार आहे. ब्रिटनमधल्या बहुमजली पार्किंगच्या तोंडाशी, समुद्रकिनाऱ्यावरच्या आणि सुपरमार्केटच्या अनेक वाहनतळांवर उंचीची आडवी दांडी असते, आणि ती बहुधा १.९ ते २.१ मीटरच्या दरम्यान. फियाट ड्युकाटोची मधल्या उंचीची व्हॅन सुमारे अडीच मीटर असते. तिच्यात बहुतेकांना ताठ उभं राहता येतं, पण या दांड्यांखालून ती जात नाही. घराच्या दारात उभी करायची तरी शेजाऱ्याच्या खिडकीपुढे भिंत उभी राहते. उंच पक्का टप वारा अडवतो, इंधन जास्त खातो, महामार्गावर बाजूच्या वाऱ्याने गाडी हलवतो. उचलता टप यातलं जवळजवळ सगळं टाळतो. म्हणूनच टप विकत घेताना पहिला आकडा मागायचा तो मिटलेल्या उंचीचा. ‘किती वर जातो’ हे दुकानदार न विचारताच सांगतो. काही टप मूळ गाडीवर चार-सहा सेंटिमीटर चढवतात, काही जवळजवळ सपाट बसतात. रोज ज्या पार्किंगमध्ये गाडी जाते तिथल्या दांडीवरचा आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. टप बसवून गाडी त्या दांडीखालून जायची थांबली, तर पैसे मोजून आपण नेमकी तीच सोय घालवली जिच्यासाठी हा टप असतो.

यावर पहिला आक्षेप असा की कापडाच्या भिंती म्हणजे तंबूच. आक्षेप खरा आहे. नोव्हेंबरातल्या स्कॉटलंडमध्ये वरच्या पलंगावर झोपलेल्या माणसाच्या आणि थंडीच्या मधे कापडाचा एक पदर असतो. शेजारच्या गाडीचं दार लावल्याचा आवाज आत येतो. पाऊस मोठ्याने वाजतो. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड कवचावर आतून जमते आणि सकाळी थेंब गादीवर पडतात. जोराचा वारा सुटला की टप खाली घ्यावा लागतो, आणि तोही घाईत नाही. सगळी दारं बंद ठेवून टप खाली ओढला तर आतली कोंडलेली हवा कापडाला बाहेर फुगवते आणि ते दुमडत्या दांड्यांत सापडून फाटतं. म्हणून एक दार किंचित उघडं ठेवायचं, कापड आत खेचणारा इलॅस्टिकचा दोर जागेवर आहे का ते बघायचं, उरलेलं कापड हाताने आत घ्यायचं आणि मगच कड्या लावायच्या. ओलं कापड मिटून घरी आलात तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी टप उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. जो हिवाळाभर गाडीत राहणार आहे, जो रात्री शहरातल्या रस्त्याकडेला कुणाच्या लक्षात न येता झोपणार आहे, किंवा जो महिनोन् महिने गाडीलाच घर करणार आहे, त्याने उचलत्या टपाच्या नादी लागू नये. त्याच्या गाडीला कामाचे दिवस वेगळे नसतात, सगळे दिवस राहण्याचेच असतात. त्याला पक्का उंच टप हवा. पण एप्रिल ते सप्टेंबरमध्ये काही शनिवार-रविवार आणि एखादा लांब प्रवास करणाऱ्याला थंडीचा हा मुद्दा फारसा लागू पडत नाही. फार थंडी पडली तर टप मिटून खालच्या पलंगावर झोपता येतं, फक्त दोघांनाच.

माझ्या मते खरा तगडा प्रतिस्पर्धी वेगळाच आहे: गाडीच्या कुशीला जोडायचा तंबू, ज्याला तिथे ऑनिंग म्हणतात. काही शे पौंडांत त्यात उभं राहता येतं, स्वयंपाक करता येतो, ओले बूट बाहेर राहतात, आणि टपाला करवत लावावी लागत नाही. एकाच तळावर चार-पाच दिवस मुक्काम करणाऱ्या जोडप्याला मी तरी आधी ऑनिंगच सुचवेन. टप बसवणारे ही तुलना सहसा काढत नाहीत. ऑनिंग हरतो तो रोज नव्या गावी जाणाऱ्यांच्या बाबतीत, कारण अंधारात, पावसात, एका रात्रीसाठी खुंट्या ठोकायचा कंटाळा माणसाला तिसऱ्या दिवशीच येतो. दुपारच्या जेवणासाठी अर्धा तास थांबायचं तर तो पिशवीतून बाहेरही निघत नाही. टप मात्र मिनिटाभरात वर जातो. आणि मुलं असतील तर पारडं बरंच झुकतं. वरचा पलंग साधारण दोन मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडीची लांबी एका सेंटिमीटरनेही न वाढवता झोपायच्या दोन जागा वाढतात. अर्थात मुलं शिडी चढण्याच्या आणि वरून न पडण्याच्या वयाची हवीत, आणि पलंगाच्या वजनमर्यादेचा कागद वाचलेला हवा. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-वडील येतात आणि सहाही जण एका गाडीत निघायचा बेत होतो, तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. माणसं किती न्यायची हे पट्टे असलेल्या आसनांवर ठरतं, पलंगांवर नाही. आणि पुढच्या आसनावर पाय देऊन वर चढणं दुखऱ्या गुडघ्यांना झेपणारं नसतं. खालचा पलंग वडीलधाऱ्यांचा, वरचा मुलांचा, बाकीच्यांसाठी खोली किंवा तंबू असं धरूनच हिशेब करावा.

कागदपत्रांच्या बाबतीत एक गैरसमज पुष्कळ आढळतो. टप बसवला की नोंदणीच्या कागदावर गाडी ‘मोटर कॅराव्हॅन’ होईल, असं अनेकजण गृहीत धरतात. ब्रिटनची वाहननोंदणी संस्था डीव्हीएलए गाडी बाहेरून मोटर कॅराव्हॅनसारखी दिसते का ते पाहते, आणि तिच्या यादीतल्या उंच टपाच्या मुद्द्यात उचलता टप धरला जात नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून नोंदणी बदलेल या आशेवर पैसे घालू नयेत. विमा कंपनीला मात्र बदल कळवावाच लागतो. पुढे विकताना टपाचे काही पैसे परत येतात. पण ते चौकटीची पावती, बसवणाऱ्याचं नाव आणि कडेला गंज नसणं यांवर अवलंबून असतं.

भारतात हा प्रश्न अजून या रूपात फारसा आलेला नाही, आणि त्याला कारणं आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ही बाजू आणखी पक्की केली. मनात आलं म्हणून गॅरेजात टप कापून आणता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि अधिकृत बांधणी त्यानुसार व्हावी लागते. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथे कॅराव्हॅन बांधायला पुण्याच्या फोर्सची ट्रॅव्हलर वापरायचा प्रघात आहे, आणि ती मुळातच उंच टपाची. शिवाय अशी गाडी बहुधा भाड्याने देण्यासाठीच बांधलेली असते. मालक तिच्यातून सोमवारी ऑफिसला जात नाही. उद्या एखाद्या घरगुती एमपीव्हीवर कारखान्यातूनच उचलता टप आला, तर तोच हिशेब इथेही मांडावा लागेल, आणि दोन मीटरची जागा आपल्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची कमान घेईल.

ज्यांचा निर्णय ‘हो’ कडे झुकतो आहे, त्यांनी कामाचा क्रम सांभाळावा. टप आधी, मग थंडी अडवणारा थर, अस्तर, वायरी, आणि सगळ्यांत शेवटी कपाटं. फर्निचर झाल्यावर टप कापायचा म्हणजे पोलादाचा बारीक कीस सगळ्या फटींत जातो आणि काही दिवसांत जिथे बसला तिथे तांबूस डाग धरतो. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांनी एक उन्हाळा बुटक्या टपाखाली काढावा. पण बांधताना दोन गोष्टी मोकळ्या ठेवाव्यात. टपाच्या मधल्या भागाखाली उंच कपाट उभं करू नये, आणि दिव्यांच्या वायरी मधून न नेता दोन्ही कडांनी न्याव्यात. पुढे टप घ्यायचा ठरला तर तोडफोड करावी लागत नाही, नाही ठरला तरी काहीच वाया जात नाही.