चूकभूल द्यावी घ्यावी

आपले व्यापारी हिशेबाच्या कागदाखाली 'चू. भू. द्या. घ्या.' ही चार अक्षरे लिहीत आले आहेत. पृथ्वीच्या वयाचा हिशेब मांडणाऱ्यांपैकी ती कोणी लिहिली आणि कोणी नाही, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 मध्ये बायबलातील वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीची जन्मतिथी काढली: इसवी सनापूर्वी 4004, 23 ऑक्टोबर, तीही आदल्या सायंकाळपासून! मनुष्य विद्वान, परिश्रम अफाट. पण खाली चूकभूल नाही. पुढे हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले, आणि समासही संहितेइतकाच पवित्र होऊन बसला.

डार्विनने 1859 च्या ग्रंथात इंग्लंडमधील वील्ड प्रदेशाची झीज व्हायला 30 कोटी वर्षे लागली असावीत, असे लिहिले. टीका झाली, 1861 च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्याने तो आकडाच काढून टाकला. केल्विनची गोष्ट उलटी. 1862 मध्ये त्याने 2 ते 40 कोटी वर्षे अशी ऐसपैस मर्यादा सांगितली होती. 1897 पर्यंत ती 2 ते 4 कोटींवर आणली. खात्री वाढली आणि सत्य दुरावले. हा रोग केवळ धर्मपीठांनाच जडतो असे नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

अखेर 1956 मध्ये क्लेअर पॅटरसनने उल्कापाषाणांतील शिसे मोजून 455 कोटी वर्षे हा आकडा दिला आणि शेजारी लिहिले: अधिक-उणे 7 कोटी. डायनोसॉर नामशेष होऊन आजवर लोटलेला काळही याहून थोडा कमीच भरेल, एवढी ही चूकभूल! तरीही हिशेब चोख.

आपल्याकडे कित्येकांना कल्पाची 432 कोटी वर्षे आठवून हर्ष होतो. पण कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा संपूर्ण दिवस. त्याच गणिताने चालू श्वेतवाराह कल्पाची सुमारे 197 कोटी वर्षेच सरली आहेत. मग ही सोयरीक जुळायची कशी? मला त्या आकड्यापेक्षा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताचा अभिमान अधिक वाटतो. तो ऋषी सृष्टीच्या उगमाचा प्रश्न थेट तिच्या अध्यक्षापर्यंत नेतो, आणि त्याला तरी उत्तर ठाऊक असेल का, अशी शंका ठेवून थांबतो. घरोघरच्या पूजेत संकल्पातला श्वेतवाराह कल्प खणखणीत ऐकू येतो; हे सूक्त मात्र मी अजून एकाही पूजेत ऐकलेले नाही.